आधी नीळ टाकून बघा

फ्लशच्या टाकीत पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह नवा बसवूनही कमोडमध्ये पाणी झिरपतंच आहे, असं तुम्ही म्हणताय. पुढचा खर्च करण्याआधी टाकीत थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर दोष टाकीच्या तळाच्या रबरी वॉशरचा. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे वॉशरखाली क्षाराचा थर साचला होता. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा नळ) बंद करून, टाकी रिकामी करून वॉशर टेकतो ती बैठक व्हिनेगरने घासली, वॉशर बदलला, गळती थांबली. पाणी ओव्हरफ्लो पाइपमधून, म्हणजे जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या टाकीतल्या उभ्या पाइपातून पडत असेल तर मात्र पाण्यावर तरंगणारा फ्लोट खाली घ्या. पातळी पाइपाच्या तोंडापेक्षा इंचभर खाली हवी. आणि टाकीत ब्लीचच्या वड्या कृपया टाकू नका, रबर लवकर खराब होतं.