मदत हवी आहे: ९६ व्हॉल्यूमचा फुल डंप चार टेप ड्राइव्हवर तीन तासांत कसा बसवावा?

प्रश्न:
झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) ३३९०-९ आकाराचे ९६ व्हॉल्यूम, म्हणजे डिस्क, आहेत. दर रविवारी पहाटे १ ते ४ या वेळेत डीएफएसएमएसडीएसएस या बॅकअप प्रोग्रॅमने फुल डंप (पूर्ण व्हॉल्यूमची टेपवर प्रत) घ्यायचा असतो. लायब्ररीत ३५९२-ई०५ जातीचे चार ड्राइव्ह आहेत. सध्या दर व्हॉल्यूमला एक जॉब आणि एक कार्ट्रिज. सगळे जॉब एकदम सुटतात, आयईएफ२३८डी (मोकळा ड्राइव्ह नाही, काय करू असं विचारणाऱ्या) संदेशांची रांग लागते, ऑपरेटर वेट (थांब) असं उत्तर देत बसतो आणि चार वाजले तरी बरेच व्हॉल्यूम उरतात. पाचवा ड्राइव्ह मिळणार नाही. काय बदलू?

प्रतिसाद १:
ड्राइव्ह पुरेसे आहेत. भरलेला ३३९०-९ म्हणजे साधारण साडेआठ जीबी, ९६ मिळून सव्वाआठशेच्या आत. ई०५ कॉम्प्रेशन न धरताही सेकंदाला १०० एमबी लिहितो. चौघांत वाटलं तर पस्तीसेक मिनिटांचं काम, डिस्क निम्म्या वेगाने वाचली गेली तरी सव्वा तास. वेळ जातोय ९६ वेळा माउंट, रिवाइंड, अनलोड करण्यात.

चार जॉब करा, प्रत्येकात २४ स्टेप. पहिल्या स्टेपच्या टेप डीडीवर (जॉबमधली फाइल सांगणारी ओळ) रिटेन द्या, म्हणजे स्टेप संपल्यावर टेप उतरवली जात नाही. पुढच्या प्रत्येक स्टेपला रिटेनसह आधीच्या डीडीचा व्हॉल्यूम रेफ (त्याच कार्ट्रिजचा संदर्भ) आणि लेबलमध्ये फाइल क्रमांक २, ३, ४ असा. कार्ट्रिज मग शेवटपर्यंत ड्राइव्हमध्येच राहतं, आणि एका जॉबचे २०४ जीबी ५०० जीबीच्या कार्ट्रिजवर सहज मावतात. या जॉबना स्वतंत्र क्लास आणि त्या क्लासला चारच इनिशिएटर (जॉब चालवणाऱ्या जागा) द्या, म्हणजे जादा जॉब ड्राइव्हसाठी न अडता जेसच्या (जॉब सांभाळणारी यंत्रणा) रांगेत थांबेल.

डंप कमांडमध्ये ऑप्टिमाइझ(४) घालाच. काही न दिल्यास एका वेळी एकच ट्रॅक वाचला जातो, ४ दिल्यावर अख्खा सिलिंडर, म्हणजे अनेक ट्रॅकचा गट. डेटा तुटक आला की ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा वेग पकडतो. कॉम्प्रेस हा शब्द असेल तर काढा. ते काम ड्राइव्ह करतोच, सीपीयू फुकट जळतो.

प्रतिसाद २:
वाटणी व्हॉल्यूमच्या क्रमाने करू नका, रिस्टोअरचा विचार करून करा. एका कार्ट्रिजवरचे दोन व्हॉल्यूम एकाच वेळी परत आणता येत नाहीत. सिस्टिम रेसिडेन्स (सिस्टिम सुरू होते तो व्हॉल्यूम), मास्टर कॅटलॉग (फाइलींची मुख्य सूची) आणि स्पूल (जॉबची रांग व आउटपुट ठेवणारा) हे व्हॉल्यूम वेगवेगळ्या कार्ट्रिजवर, आणि प्रत्येकी पहिल्या फाइलमध्ये. एका कार्ट्रिजवरच्या सगळ्या फाइलना मुदत सारखी द्या. एक जरी फाइल जिवंत असली तरी अख्खं कार्ट्रिज स्क्रॅचमध्ये (पुन्हा वापरायच्या साठ्यात) जात नाही.

सातवी स्टेप टेप उघडण्याआधीच पडली तर सातवी फाइल तयारच होत नाही आणि आठवीला जागा सापडत नाही. म्हणून रिस्टार्ट करताना फाइल क्रमांक नव्याने लावावे लागतात.

प्रश्न:
डंप चालू असताना ऑनलाइन (वापरकर्त्यांची चालू सेवा) बंद ठेवावं लागतं. तो वेळ कमी होईल का?

प्रतिसाद १:
स्टोरेजमध्ये फ्लॅशकॉपी (व्हॉल्यूमची क्षणात प्रत देणारी सोय) असेल तर होईल. कॉपी फुल कमांडला डंपकंडिशनिंग, फास्टरेप्लिकेशन(रिक्वायर्ड) आणि एफसीनोकॉपी हे पर्याय द्या. सगळ्या मूळ व्हॉल्यूमची त्यांच्या प्रतींशी (टार्गेट व्हॉल्यूमशी) नाती जुळली, प्रत्येक कॉपीचा रिटर्न कोड शून्य दिसला, की ऑनलाइन सुरू करा. टेपवरचा डंप मग टार्गेट व्हॉल्यूमवरून घ्या आणि त्या डंपला एफसीविथड्रॉ (नातं तोडणारा पर्याय) लावा, नाहीतर नातं तसंच राहतं आणि पुढच्या रविवारची कॉपी अडते.