रिंगवुडाइटमुळे नोहाचा जलप्रलय सिद्ध होतो का?

पानवाचक: व्हॉट्सॲपवर फिरतंय की पृथ्वीच्या पोटात महासागरांहून जास्त पाणी सापडलं, म्हणून बायबलमधल्या नोहाच्या प्रलयकथेतले (उत्पत्ति 7:11) खोल जलाशयाचे झरे खरे ठरले. मूळ बातमी 2014 ची आहे. दगडात खरंच पाणी आहे का? वर आलं तर डोंगर बुडतील का? श्रद्धेवर वाद नको, हिशोब हवा.

गारगोटी: बातमी खरी, लावलेला अर्थ चुकीचा. ब्राझीलमधल्या जुईना भागातल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइटचा बारीकसा कण अडकलेला मिळाला. हे खनिज साधारण 525 ते 660 किलोमीटर खोलीवर असतं. त्या कणात वजनाने सुमारे 1.5 टक्के पाणी होतं, म्हणजे किलोभर दगडात 15 ग्रॅम. तेही थेंबाथेंबाने साठलेलं नाही, हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) होऊन स्फटिकाच्या रचनेत बसलेलं. जिप्सम आठवा: हाताला कोरडं लागतं, पण त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणीच असतं आणि भाजल्याशिवाय ते सुटत नाही. ‘महासागराएवढं’ हा आकडा एका कणावरून अख्ख्या थराचा काढलेला अंदाज आहे. शिवाय तिथलं तापमान 1500 अंशांच्या वर. तेवढं पाणी सुटून वर आलंच, तर नोहाचं तारू (जहाज) तरंगायच्या आधी आतली मंडळी उकडून निघतील.

आकडेमोड: पावसाचंही बघा. हवेतली सगळी वाफ एकदम कोसळली तर पृथ्वीभर सरासरी जेमतेम 25 मिलिमीटर पाणी साचेल. एव्हरेस्ट 8,849 मीटर. कथेतल्या 40 दिवसांत तिथवर पोचायचं तर पातळी रोज 221 मीटर चढायला हवी, मिनिटाला 15 सेंटिमीटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत पडला होता 944 मिलिमीटर!

पानवाचक: यावर ठरलेलं उत्तर येतं: तेव्हा डोंगर बुटके होते, प्रलयानंतर वर आले.

आकडेमोड: बायबलवरून तारखा काढणाऱ्या आर्चबिशप अशरच्या कालगणनेत प्रलय इसवी सनपूर्व 2348 चा. तेव्हापासून हिमालय उभा राहिला म्हणायचं तर वर्षाला दोन मीटर वाढ हवी. प्रत्यक्षात ती मिलिमीटरात मोजतात.

गारगोटी: आणि सह्याद्रीचं काय करणार? घाटाच्या कापात काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थंड होऊन उघड्यावर झिजला, त्याची ती माती. वरचा लाव्हा नंतर आला. वरळीला तर लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळालेत. एका वर्षाच्या पुरात पाण्याखाली हे घडत नाही.

शास्त्रपाठ: श्रद्धावानांनीही मूळ मजकूर सावकाश वाचावा. उत्पत्ति 6:19 मध्ये प्रत्येक जातीची एक जोडी, 7:2 मध्ये शुद्ध पशूंच्या सात-सात. 7:17 ला पूर 40 दिवस, 7:24 ला 150. बहुतेक अभ्यासकांच्या मते इथे दोन परंपरा विणल्या आहेत. गिल्गमेश या प्राचीन मेसोपोटेमियन महाकाव्याच्या अकराव्या मातीच्या पाटीतही होडी, डोंगर आणि सोडलेले पक्षी आहेत. ती ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज स्मिथने 1872 मध्ये लोकांसमोर आणली. पोप बारावे पायस यांनी 1943 च्या परिपत्रकात लेखनप्रकार ओळखून शास्त्र वाचायला सांगितलं. त्यामुळे रिंगवुडाइटच्या टेकूची गरज शास्त्राला नाही, फॉरवर्ड लिहिणाऱ्याला आहे.

पानवाचक: जिप्समचं उदाहरण ग्रुपवर टाकतो.