ग्रॅहॅम नॉर्टन: चॅनेल फोरवरचा मोठा की बीबीसीवरचा?

रातकिडा:
ब्रिटिश टीव्हीवर पाहुण्यांशी गप्पांचा कार्यक्रम करणारा ग्रॅहॅम नॉर्टन म्हटलं की आता सगळ्यांना बीबीसीवरचा सोफा आणि हॉलिवूडची मंडळीच आठवतात. माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम त्याआधीच होऊन गेलं होतं, १९९८ ते २००२ मध्ये, चॅनेल फोरवरच्या 'सो ग्रॅहॅम नॉर्टन'मध्ये. इंटरनेट तेव्हा नुकतं कुठे घराघरांत शिरत होतं. हा गडी रात्री उशिरा पाहुण्याला शेजारी बसवून एखादी चमत्कारिक वेबसाइट उघडायचा आणि ती चालवणाऱ्याला तिथूनच फोन लावायचा. पलीकडचा माणूस काय बोलेल याचा पत्ता कुणालाच नसायचा. आता जो तो येतो, तो नव्या सिनेमाच्या जाहिरातीला.

मंदार_नाशिक:
साफ असहमत. मी त्याला यूट्यूबवरच पाहत आलोय, पण सोफ्याची करामत तुम्ही फार हलक्यात घेताय. बाकीचे सूत्रधार एका पाहुण्याला निरोप देतात, मग दुसऱ्याला बोलावतात. हा सगळ्यांना एकदम बसवतो, हातात पेले देतो आणि त्यांना एकमेकांत बोलू देतो. एकाची आठवण दुसरा खोडतो, तिसरा त्यात भर घालतो. पाठ करून आणलेले किस्से तिथे टिकत नाहीत. चार नामवंतांना असं खेळवत ठेवायचं आणि स्वतः फारसं पुढे यायचं नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

वैदेही_लीड्स:
मी १९९९ मध्ये इथे शिकायला आले. आमच्या भाड्याच्या घरात एक मुलगा होता, त्याने आपण गे आहोत हे घरी सांगितलेलं नव्हतं. नॉर्टनचा कार्यक्रम तो कधीच चुकवायचा नाही. तेव्हा 'सेक्शन २८' लागू होतं. स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेला 'उत्तेजन' देऊ नये, असा १९८८ चा कायदा. त्यामुळे शाळेत शिक्षक या विषयावर बोलायलाच बिचकायचे. इंग्लंडमध्ये तो रद्द व्हायला २००३ उजाडलं. अशा काळात आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात वाढलेला हा माणूस झगमगीत कपडे घालून, जराही न संकोचता लैंगिकतेवर बोलायचा. त्या मुलाला मी इतकं मोकळं हसताना एरवी पाहिलं नाही. म्हणून माझं मत रातकिड्याच्या बाजूने, कारण मात्र वेगळं.

शेवटची_लोकल:
थोडं मागे जाऊ या. १९९७ मध्ये चॅनेल फाइव्हवर जॅक डॉकर्टीच्या रोजच्या कार्यक्रमात नॉर्टन बदली सूत्रधार होता. त्या वर्षीच्या ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये नवोदिताचं पारितोषिक त्यालाच मिळालं, आणि ज्याच्या खुर्चीवर तो बसला होता तो डॉकर्टीही त्याच नामांकनात होता! गुण आधीपासून दिसत होता. चॅनेल फोरला तर १९८२ पासून इतरांपेक्षा वेगळं करून दाखवण्याची जबाबदारीच दिलेली होती. त्याला ती मोकळीक देणाऱ्या वाहिनीचंही श्रेय मोजा.

मंदार_नाशिक:
वैदेहीताई, तुमचा मुद्दा मान्य, तो मला माहीतच नव्हता. पण फोनचा प्रकार मला खटकतो. घरी निवांत बसलेला कुणी साधा माणूस आपला छंद वेबसाइटवर मांडतो, आणि स्टुडिओभर लोक त्याला हसतात. तो हसं करून घ्यायला तयार होऊन बसलेला नसतो. बीबीसीवरची लाल खुर्ची बघा. तिथे माणूस स्वतः येतो, किस्सा सांगतो, रंगला नाही तर खटका ओढून त्याला खुर्चीसकट उलटं पाडतात. खेळाचे नियम त्याला ठाऊक असतात.

रातकिडा:
हे मला कुणी सुचवलं नव्हतं. काही फोन आज पाहवणार नाहीत, कबूल. तरी बऱ्याचदा तो पलीकडच्याशी मनापासून गप्पा मारायचा आणि लोक पाहुण्याला विसरून त्या अनोळखी माणसाचंच ऐकत राहायचे. लाल खुर्ची मलाही आवडते. पण ती येते शेवटी, पाच मिनिटांसाठी. चॅनेल फोरवर अख्खा कार्यक्रमच तसा होता.