हवालदारांचा एकपात्री : फौजीनं मत बदललं तर चालतं का?

माणदेशी
परवा कराडला एका निवृत्त हवालदारांचा एकपात्री पाहिला. सव्वा तास, आणि रंगमंचावर फक्त एक काळी लोखंडी ट्रंक. १९८७ च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला आणि हे आपल्या लष्कराच्या शांतिसेनेतून श्रीलंकेत जाफन्याला गेले, वय २३. आधी लोकांनी हार घातले. ऑक्टोबरात त्याच गल्ल्यांतून गोळ्या यायला लागल्या. समोर एलटीटीई, तिथले तमिळ बंडखोर, म्हणजे ज्यांना आधी आपणच शिकवून तयार केलेलं.

ट्रंकेतून ते तेव्हाची आंतर्देशीय पत्रं काढतात. ‘मी मजेत आहे. ज्वारीचा पेरा झाला का?’ एवढंच वाचतात आणि त्या तारखेला खरं काय घडलं ते सांगतात. शेवटी म्हणतात, जाफना मला कधीच पटलं नाही, कारगिल पटलं होतं, पण आता कारगिलबद्दलही पूर्वीसारखं छाती काढून बोलवत नाही. मला हे प्रामाणिक वाटलं. तुम्हाला?

टपरीवाला
प्रामाणिक कसलं? नोकरी होती तोवर गप्प. आता पेन्शन चालू, कॅन्टीनचं कार्ड खिशात, मग युद्ध नको म्हणायचं! आणि कारगिलमध्ये न पटण्यासारखं काय होतं? घुसखोर आपल्या शिखरांवर बसले होते. ५२७ जवान गेले. दोन्ही एकाच तागडीत कशी टाकता?

माणदेशी
एका तागडीत ते टाकतच नाहीत, आधी बघा तरी. आणि वर्दीत असताना बाहेर बोलायला बंदी असते, तेव्हा गप्प होते हा आरोप कसा? पेन्शन म्हणजे बक्षिसी नव्हे हो.

फौजीची लेक
माझे बाबाही श्रीलंकेत होते. सुरुंगांच्या भीतीनं लागलेली सवय अजून आहे : कच्च्या रस्त्यावर चाकोरी सोडून पाय टाकत नाहीत, स्वतःच्या शेतातसुद्धा. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, हे बाबा अजून विसरलेले नाहीत. कारगिलनंतर गावात सत्कार झाले. श्रीलंकेचं कुणी विचारलंही नाही.

तरी हा प्रयोग त्यांना आवडला नाही. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, “तिकडं आपली अकराशेच्या वर माणसं गेली. माझ्या शेजारी जो पडला त्याच्या म्हातारीला हा काय सांगणार, पोरगं उगाच गेलं म्हणून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विंगेतला
नाटक म्हणून बोलायचं तर बिगुल दोनदा कमी वाजला असता तर बरं. पत्रं वाचताना सभागृहात खोकलासुद्धा नव्हता आणि लगेच तो भोंगा! पण ताई, त्या म्हातारीला १९८७ मध्ये तरी कुणी काय सांगितलं होतं? पोरगं शांतता राखायला गेलंय म्हणून. पोराला स्वतःला तरी कुठं माहीत होतं?

फौजीची लेक
हे बाबांपुढे बोलून दाखवा.

टपरीवाला
बरोबर बोलल्या ताई. पुढचा प्रयोग कधी आहे ते कळवा, बघून मग भांडतो. भाच्याला मात्र आणणार नाही. अग्निवीरची लेखी पास झालाय, पुढच्या महिन्यात त्याचं ग्राउंड आहे.