डोंबिवलीचा रोजचा प्रवास आणि कोलमडणारे वेळापत्रक

प्रश्न:
मी डोंबिवलीत राहते आणि फोर्टमधील कार्यालयात नोकरी करते. सकाळची जलद लोकल, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधे आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांची मी मिनिटामिनिटाची आखणी केली आहे. परंतु गाडी २० मिनिटे उशिरा आली की पुढचे सारे कोलमडते आणि राग मुलीवर निघतो. मन शांत कसे ठेवावे?

उत्तर १:
ताई, आपली आखणी कमी पडत नसून तिच्यात मोकळी जागा नाही, असे मला वाटते. मध्य रेल्वेसुद्धा रूळ आणि ओव्हरहेड तारांच्या देखभालीसाठी रविवारी मेगाब्लॉक घेते, म्हणजेच गाड्या बंद ठेवण्याचा वेळही ती आधीच ठरवून ठेवते (प्रवाशांना तो कितीही नकोसा वाटला तरी). आपणही संध्याकाळी अर्धा तास कोणत्याही कामाला देऊ नये. पावसाळ्यात, कुर्ला-शीव पट्ट्यात पाणी साचते त्या दिवसांसाठी, वरण-भातावर भागवण्याचे आधीच ठरवून ठेवावे.

उत्तर २:
सूचना योग्य आहे, पण तो अर्धा तास आणायचा कोठून? सारी कामे एकाच व्यक्तीवर असतील, तर सकारात्मक राहण्याचा सल्ला मला अन्यायकारक वाटतो. औषधांसाठी वारांचे कप्पे असलेला डबा रविवारी भरावा आणि रोजची जबाबदारी यजमानांकडे सोपवावी.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. डबा उद्याच आणते. यजमानांशी मात्र आज रात्रीच बोलते.