ऑनलाइन निविदा आल्यावर लिफाफे सर्वांसमोर उघडण्याची गरज उरली आहे काय?

विभागीय लेखापाल (निवृत्त)

‘निविदा उघडण्याची बैठक हा इंग्रजांच्या काळातला तमाशा आहे, आता सारे ऑनलाइन झाल्यामुळे समिती, कंत्राटदारांची हजेरी आणि चहाबिस्किटे बंद करून ठरल्या वेळी लिफाफे आपोआप उघडावेत’, असे मत संगणकमित्र यांनी काल मांडले आणि त्याला बरीच वाहवा मिळाली. लाखेचे सील फोडून उघडलेली निविदा पेटी ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांना ते पटणे स्वाभाविक आहे.

त्या ‘तमाशा’त काय चालत असे ते सांगतो. प्रत्येक लिफाफ्यावर एकूण संख्येसह क्रमांक पडे. सात निविदा आल्या असतील तर 1/7 पासून 7/7 पर्यंत, जेणेकरून आठवी निविदा संध्याकाळी उगवू नये. दर मोठ्याने वाचला जाई. खाडाखोडीभोवती लाल शाईने वर्तुळ काढून तिची संख्या पानाच्या तळाशी लिहिली जाई, आणि खाडाखोड नसेल तर ‘निरंक’ असे लिहावेच लागे. दराचा रकाना कोरा असेल तर तो तिथल्या तिथे रेघ मारून बंद होई, कारण तो नंतर कोणाच्या तरी सोयीने भरला जाण्याची भीती असे. सर्वांत नामी प्रकार सूटपत्राचा होता. ‘आमच्या दरावर चार टक्के सूट’ असे एक पत्र निविदेसोबत ठेवलेले असे. इतरांचे दर चढे निघाले तर ते पत्र नाहीसे होई आणि उतरते निघाले तर नेमके सापडे. म्हणून लिफाफ्यातला प्रत्येक कागद हजर असलेल्यांसमोर वाचून दाखवण्याचा आग्रह धरला जाई. हे नियम कोणी हौसेने केलेले नाहीत. प्रत्येकामागे कोणाची तरी एक लबाडी आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 173 मध्येही निविदा जाहीरपणे उघडाव्यात आणि निविदाकारांच्या अधिकृत प्रतिनिधींना हजर राहू द्यावे, असेच सांगितले आहे.

संगणकमित्र

लेखापाल महोदयांनी वर्णन केलेली एकही लबाडी आज शक्य नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच होता. महाटेंडर्स हे राज्याचे निविदा संकेतस्थळ ज्या एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) प्रणालीवर चालते, तिच्यात निविदा भरतानाच ती उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल प्रमाणपत्रांनी कूटबद्ध होते, मुदतीचे घड्याळ सर्व्हरचे असते आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांपैकी किमान दोघांनी आपापली टोकन (डिजिटल प्रमाणपत्र असलेली, पिनने चालणारी यूएसबी साधने) लावल्याशिवाय दर कोणालाही दिसत नाही. दरांचा तुलनात्मक तक्ता यंत्रणाच तयार करते व तो प्रत्येक निविदाकाराला स्वतःच्या लॉगिनमधून पाहता येतो. कोरा रकाना, सूटपत्र, लाल शाई हे सारे गेले; राहिली ती फक्त अध्यक्षाच्या खुर्चीत बसण्याची हौस.

सु. बे. अभियंता

लॉगिनमधून तक्ता दिसतो हे खरे, पण तो कधी दिसतो तेही सांगा. निविदा सूचनेत उघडण्याच्या तारखेपुढे ‘शक्य झाल्यास’ असे छापलेले असते आणि या दोन शब्दांच्या आडोशाला सगळे चालते. एका रस्त्याच्या कामात आमचा पहिला, म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांचा तांत्रिक लिफाफा मृगाच्या सुमारास उघडला आणि दुसरा, म्हणजे दराचा आर्थिक लिफाफा दिवाळीचे कंदील लागले तरी बंदच होता. या काळात माझा दर कुलूपबंद होता, पण मी निविदा भरली आहे ही गोष्ट तालुक्यातल्या प्रत्येक पुढाऱ्याला ठाऊक झाली होती, कारण तांत्रिक लिफाफा उघडला की नावे जाहीर होतातच. ‘यंदा सोडून द्या, पुढच्या वेळी तुमचे पाहू’ असे फोन आले. मी ऐकले नाही, तेव्हा यंत्रसामग्रीच्या भाडेकराराची प्रत अस्पष्ट असल्याच्या कारणावरून मी अपात्र ठरलो. निविदेसोबत भरलेली अनामत, म्हणजे बयाणा रक्कम तर कामाचा कार्यारंभ आदेश निघाल्यावरही अडकून होती, पण ते रडगाणे वेगळेच आहे.

नगरपालिका, टेबल क्र. 4

दुसऱ्या लिफाफ्याला उशीर म्हणजे भ्रष्टाचार, हे समीकरण वाचून आता वीट आला आहे. आमच्याकडे उघडणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एकाची बदली झाली आणि ते टोकन घेऊनच गेले, दुसरे निवृत्त झाले, तिसऱ्यांनी चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकल्यामुळे टोकन बंद पडले आणि उरलेले एकमेव साहेब निवडणुकीच्या प्रशिक्षणाला होते. मध्येच आचारसंहिता लागली. ज्यांचे प्रमाणपत्र वापरून निविदा कूटबद्ध झाली आहे, त्यांच्याशिवाय ती उघडत नाही, हे संगणकमित्रांना भूषण वाटते. आम्ही त्यापायी बदली झालेल्या साहेबांच्या दारात जाऊन उभे राहतो. आणि अभियंता महोदय, मोबाइलवर काढलेले तिरके फोटो कागदपत्रे म्हणून अपलोड करायचे आणि अपात्र ठरल्यावर पुढाऱ्यांकडे बोट दाखवायचे, हा प्रकार आम्ही रोज पाहतो.

सु. बे. अभियंता

फोटो तिरका होता की सरळ, हे आपण न पाहताच ठरवलेत. तिथल्या समितीनेही बहुधा तसेच केले असावे. ज्यांना ते काम मिळाले, त्यांच्या अनुभव प्रमाणपत्रावर जावक क्रमांकच नव्हता. परंतु त्यांना त्रुटीपूर्ततेचे पत्र गेले आणि मला थेट अपात्रतेचे. दोघांच्या त्रुटी सारख्याच किरकोळ होत्या, मग एकालाच संधी कशी मिळते? आपल्या टेबलावर याचे उत्तर असल्यास द्यावे. नसल्यास निदान उपदेश करू नये.

नगरपालिका, टेबल क्र. 4

समिती ठरवते, मी टिपणी लिहितो. दुसऱ्या कार्यालयाच्या निर्णयाचा जाब मला विचारण्याचे कारण नाही.

पुण्याची माहिती अधिकारवाली

आपण सारे एकाच दारावर पहारा देत आहात. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांबाबत नागरिक चेतना मंचाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि 2018 मध्ये आयोगाने संगनमत सिद्ध झाल्याचे ठरवले. निविदा वेगवेगळ्या नावांनी होत्या, परंतु आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक) एक आणि डिमांड ड्राफ्टचा उगमही एकच. असे लिफाफे शंभर साक्षीदारांसमोर उघडले तरी ते निर्दोषच दिसणार, कारण लबाडी ते बंद होण्याआधीच होऊन गेलेली असते. म्हणून निविदा उघडल्याच्या इतिवृत्तात प्रत्येक बोली कोणत्या आयपी पत्त्यावरून आली आणि बयाणा रक्कम कोणत्या बँकेतून भरली गेली, हे छापलेच पाहिजे. संगणकमित्रांनी मध्य प्रदेशही आठवून पाहावा. तिथल्या जलनिगमाच्या ई-निविदांत छेडछाड झाल्याचे 2018 मध्ये पुढे आले, त्या निविदा रद्द झाल्या आणि एप्रिल 2019 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला.

सु. बे. अभियंता

बाई, आमच्या तालुक्यात निविदा अपलोड करून देणारे दुकान एकच आहे. निम्मे कंत्राटदार आपले टोकन आणि पिनसुद्धा त्याच्याकडे ठेवून जातात. आयपी पत्ता छापला तर आम्ही सगळेच संगनमताच्या साखळीतले ठरू.

पुण्याची माहिती अधिकारवाली

म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे दर एकाच दुकानदाराला बंद होण्याआधीच माहीत असतात आणि आपल्याला ही बाब तक्रारीची वाटत नाही! आयपी पत्ता हा पुरावा नसेल, तरी चौकशीचे कारण निश्चित आहे. डिमांड ड्राफ्टही एकाच खात्यातून निघाले असतील, तर दुकानाची सबब चालत नाही.

संगणकमित्र

मध्य प्रदेशचे त्या वेळचे संकेतस्थळ एनआयसीचे नव्हते, ही बाब सोयीस्करपणे वगळली गेली. तरीही पिन दुकानात ठेवणारे कंत्राटदार आणि टोकन घेऊन बदलीवर जाणारे अधिकारी असतील, तर कूटबद्धतेचे गुणगान करण्यात अर्थ नाही, एवढे मान्य करतो. बैठक खुशाल ठेवा, माझ्याकडून चहाही घ्या. मात्र तिचे थेट प्रक्षेपण करा, म्हणजे आम्हालाही कळेल की हजर राहून लेखापाल महोदय नक्की काय पकडतात.

विभागीय लेखापाल (निवृत्त)

हजर राहून मी दर पकडत नाही, तारीख पकडतो. यंत्रणेने दराचे रक्षण केले, परंतु दुसरा लिफाफा कधी उघडायचा हा अधिकार माणसाच्या हातात तसाच ठेवला. सर्व निविदाकार समोर बसलेले असतानाच आर्थिक लिफाफ्याची तारीख इतिवृत्तात लिहावी, त्यावर उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात आणि ती पुढे ढकलायची असेल तर कारण व अधिकाऱ्याचे पदनाम त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकावे. हे काम बैठकीतच होऊ शकते. टेबल क्र. 4 यांची अडचण खरी आहे, परंतु बदलीच्या आदेशासोबत टोकनचा कार्यभार सोपवण्याची आणि उघडणारे अधिकारी वेळीच बदलून घेण्याची जबाबदारी कार्यालयाचीच आहे. आम्ही रोख पेटीच्या किल्ल्यांचा कार्यभार दिल्याशिवाय कोणाला कार्यमुक्त करत नव्हतो.

सु. बे. अभियंता

त्याच इतिवृत्तात कोणाच्या कागदात कोणती त्रुटी आहे तेही लिहावे आणि सर्वांना पूर्ततेसाठी सारखेच तीन दिवस द्यावेत.

नगरपालिका, टेबल क्र. 4

तारीख लिहायला माझी हरकत नाही, तीन दिवसही देऊ. चौथ्या दिवशी लेटरहेडवर जे शिफारसपत्र येईल, ते कोणत्या फाइलला लावायचे, एवढे लेखापाल महोदयांनी सांगून ठेवावे.