मदत हवी आहे: कोकणातल्या दमटपणात कॉमिक्स जपायची कशी?

मंडळी, घर मालवणात, समुद्र हाकेच्या अंतरावर. मार्व्हल-डीसीचे दीडेकशे सुटे अंक आहेत, बहुतेक २०११ नंतरचे. काल गणपतीच्या साफसफाईत खोका उघडला, तर कमला खानच्या 'मिस मार्व्हल'च्या (२०१४) पहिल्या अंकाच्या दोन्ही पिना गंजलेल्या, मधल्या पानावर तांबूस डाग. चकचकीत पानं एकमेकांना चिकटतायत. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, पण आतल्या पुठ्ठ्यालाच बुरशी! आई म्हणते, तांदळाच्या डब्यात ठेव. (तिथे टोके आहेत, आई.) ओलावा शोषणारं सिलिका जेल चार दिवसांत भरून रंग बदलून बसतं.

गंजलेल्या पिना काढू का? विकायचे नाहीत, तरी हात धजत नाही. हवाबंद डबे कुणी वापरलेत? आत दमटपणा कोंडला तर?